जीपवर पाचवा हात नको

हे मृत्युपत्र ऐकायला जमलेल्या माझ्या आप्तांनो, शेजाऱ्यांनो, आणि चाळीस वर्षं माझी भाषणं ऐकून त्यांतलं एक वाक्यही अमलात न आणणाऱ्या उज्जैनच्या मराठी मंडळींनो,

तुमची आणि माझी एक तक्रार सारखी आहे. दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो आणि त्याच्या आधी हे सगळं शहर रंगाने पुतलं जातं. ओटा कुणाचा, भिंत कुणाची, हे विचारायची पद्धत नाही. सकाळी दार उघडावं तर उंबऱ्यापर्यंत गेरू आलेला असतो. तुम्ही सगळे त्याबद्दल कुरकुरता, मीही कुरकुरते. फरक एवढाच, की तुम्ही कुरकुरून झाल्यावर घरात जाता आणि आपल्याच माणसांवर, आपल्याच वस्तूंवर तीच पुताई करता. माझ्या घरात ती तीनदा झाली, आणि तिन्ही वेळा मी गावात नव्हते. मी उज्जैन सोडलं की माझ्या जीपचा रंग बदलतो. आता मी एकदाच आणि कायमची जाणार आहे, म्हणून हे लिहून ठेवते.

मी, कुमारी अहल्या दत्तात्रय मुजुमदार, वय सत्त्याहत्तर, इतिहासाची निवृत्त प्राध्यापिका, राहणार फ्रीगंज, उज्जैन, हे लिहिताना पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या शुद्धीबद्दल शंका घेण्यात माझ्या पुतण्याचा फायदा आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. दबावाखाली मी आयुष्यात कधी सही केली नाही, त्याचे पुरावे माझ्या बदल्यांच्या आदेशांत सापडतील. दोन हजार अकरा सालचं माझं मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. त्यात मी माझे थोरले बंधू भय्यासाहेब यांच्याबद्दल बरं लिहिलं होतं.

या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्यासाठी माझे माजी विद्यार्थी अ‍ॅडव्होकेट केदार टोकेकर यांना नेमते. वर्गात ते मागच्या बाकावर झोपत, पण जागे असताना खोटं बोलत नसत.

कलम १. फ्रीगंजच्या घराचा तळमजला, जो वडिलांच्या वाटणीपत्राने माझ्याकडे आला, तो मी माझा पुतण्या अभिजीत याला देते. वरचा मजला त्याच्या वडिलांचा, म्हणजे भय्यासाहेबांचा आहेच. अभिजीतला अठ्ठावीसच्या सिंहस्थासाठी तिथे यात्रेकरूंचं होमस्टे काढायचं आहे. काढू दे. घर देते म्हणजे क्षमा केली असं त्याने समजू नये. विटा-चुना त्याला शोभतो, म्हणून देते. मला ज्याची काळजी आहे ते या घरात नाही.

कलम २. बँकेतल्या माझ्या ठेवींतून आधी धूलजी पांचाल यांची मजुरी आणि त्यांच्या शेडचं भाडं काम पूर्ण होईपर्यंत द्यावं. काम कोणतं ते पुढे येईल. उरेल ते आणि माझी सगळी पुस्तकं माझ्या जुन्या कॉलेजच्या वाचनालयाला. त्या पैशातून पुस्तकंच घ्यावीत. कमान बांधू नये. माझ्या नावाची पाटी लावू नये. आपल्या लोकांना कपाटभर पुस्तकं दिली तर आधी ते उद्घाटनाला पाहुणा शोधतात, आणि पाहुणा गेल्यावर कपाटाची किल्ली हरवते.

कलम ३. माझा भोंगा, म्हणजे लाउडस्पीकरचा जुना कर्णा, मी आपल्या मराठी मंडळाला देते. मंडळाने गेली नऊ वर्षं व्याख्यानमालेत मला जेवणाच्या आधीची वेळ दिली, म्हणजे श्रोत्यांचं लक्ष भाषणापेक्षा मसालेभाताच्या वासाकडे राहील. युक्ती चांगली होती. माझी शोकसभा घ्यायची असेल तर जेवणानंतर घ्या, आणि तीत मला 'परखड' म्हणू नका. ज्याचं म्हणणं ऐकायचं नसतं त्याला आपण परखड म्हणतो आणि मोकळे होतो.

कलम ४. आता जीप.

ही जीप एकोणीसशे चोपन्नची. आमचे वडील दत्तात्रय विनायक मुजुमदार तेव्हाच्या मध्यभारत राज्याच्या सिंचाई विभागात ओव्हरसियर होते. कालव्यांची पाहणी करायला खात्याने त्यांना ही गाडी दिली होती. दोन वर्षांत ते राज्यच नकाशावरून गेलं, वडिलांची नोकरी नव्या राज्यात वर्ग झाली, गाडी तीच राहिली. एकसष्ट साली खात्याने ती जाहीर लिलावात काढली आणि वडिलांनी बोली लावून घेतली. लिलावाची पावती माझ्या अलमारीतल्या हिरव्या फाइलमध्ये आहे. चौऱ्याहत्तर साली जाण्याआधी त्यांनी गाडी माझ्या नावावर केली. गिअर बदलताना क्लच दाबावा लागतो हे भय्यासाहेबांना मान्य नव्हतं.

आता भय्यासाहेबांची कथा ऐका. ती तुम्ही ऐकलेलीच आहे, कारण प्रत्येक मुंजीत आणि प्रत्येक बारशात ते ती सांगतात. ही जीप म्हणे आमच्या आजोबांना दरबारातून शिकारीसाठी बक्षीस मिळाली. आजोबा एक्कावन्न साली वारले. जीप कारखान्यातून निघाली चोपन्नात. म्हणजे आजोबांनी ती स्वर्गातून चालवली असणार. आमचे पूर्वज दरबारात होते हे खरं आहे. ते कागद लिहीत होते. त्यांना कुणी शिकारीला नेलंच असेल, तर झुडपांत शिरून डबे वाजवायला.

हे फक्त आमच्या घरापुरतं असतं तर मी गप्प बसले असते. पण इथल्या आपल्या प्रत्येक दुसऱ्या घरात एक तलवार आहे जी कुणीच चालवली नव्हती, आणि एक पणजोबा आहेत ज्यांना हत्ती मिळाला होता. तीन पिढ्या बँकेत, रेल्वेत, शाळांत इमानाने नोकरी करून पोटं भरली, आणि भिंतीवर फोटो लावताना नोकरीवाला सोडून हत्तीवाला लावतो. मी इतिहास शिकवला. माझ्या वर्गातून उज्जैनची शेकडो मराठी मुलं गेली. त्यांतला एकही घरी जाऊन विचारत नाही, की हत्तीला चारा कोण घालत होतं.

जीपवर रंगाचे एकूण चार हात चढले. वरून खाली सांगते.

सगळ्यात वर भगवा, दोन हजार सोळाच्या सिंहस्थाचा. मी मोतीबिंदूसाठी पुण्याला पुतणी निहारिकाकडे गेले होते. परत आले तर जीप भगवी, आणि बॉनेटवर ज्वाळा ओकणारा सिंह चिकटवलेला. अभिजीत म्हणाला, "आत्या, सरप्राइज." त्याच्या खाली पांढरा, दोन हजार चारचा. मी इंदूरला पित्ताशयाच्या ऑपरेशनला होते, तेवढ्यात भय्यासाहेबांनी गाडी एका सेवा समितीला महिनाभर दिली, आणि समितीने ती पांढरी करून घेतली. त्याच्या खाली गर्द मरून, कडेने सोनेरी रेघ, ब्याण्णवचा. तेव्हा माझी बदली झाबुआला झाली होती. हा भय्यासाहेबांचा खास दरबारी रंग. याच रंगात त्यांनी ती बक्षिसाची कथा रचली. त्याच्या खाली लाल, ऐंशीचा. त्याच्याबद्दल पुढे.

आणि या चौघांच्या खाली कारखान्यातून आला तो रंग. तो कसा सापडला, हे सगळ्यांनी नीट ऐकावं.

दोन वर्षांपूर्वी मी पत्र्याच्या दुरुस्तीला गाडी आगर रोडवर धूलजी पांचालच्या शेडमध्ये नेली. धूलजी डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. वय पासष्टच्या आसपास, बोलणं कमी. त्याने विचारलं, "मैडम, नया रंग करवाना है?"

मी म्हटलं, "नया नहीं. पुराना निकालना है."

"पुराना तो ये ऊपर वाला है."

"सबसे नीचे वाला."

त्याने पायरीजवळ, जिथे दगड लागून टवका उडाला होता, तिथे अंगठ्याचं नख घातलं. थुंकी लावून पुसलं. चष्मा कपाळावर चढवून डोळा पत्र्याला टेकवला. मग म्हणाला, "चार पुताई है. उसके नीचे कंपनी का माल बैठा है. जिंदा है."

हे काम कसं चालतं ते सांगते, कारण यात आपल्या लोकांनी शिकण्यासारखं बरंच आहे. रंग काढायचं औषध लावलं तर तासाभरात सगळं फुगून निघतं, आणि त्यात खालचं खरंही जातं. म्हणून औषध नाही. मशीन नाही. वरचा भगवा स्वस्तातला, तो थिनरच्या बोळ्याने सुटला. लबाडी अशीच असते, नुसत्या वासाने पळते. पांढरा ठिसूळ होता, तो बांबूच्या चिपेने टवके-टवके करून काढला. लोखंडी पट्टी चालत नाही, ती खालच्याला ओरखडते. मरूनला पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर. दोन बोटांनी, एका दिशेने, वजन न देता. दर मिनिटाला पुसायचं आणि बघायचं. एका दिवसात तळहाताएवढी जागा होते. मला आधी हे वेळखाऊ वाटलं. मग आठवलं, की चाळीस वर्षं भाषणं करून मी तळहाताएवढीसुद्धा जागा साफ केली नव्हती.

मरून काही केल्या सुटेना. मी वैतागून म्हटलं, "हे कुणी मारलंय एवढं चिवट?" धूलजीने पाण्याचा डबा जवळ ओढला. पेपर घासत राहिला. चार महिने मरूनने घेतले.

मग लाल लागला. धूलजीने हात थांबवला आणि तुच्छतेने म्हणाला, "ये किसी अनाड़ी का काम है. ब्रश से मारा है, देखो, बाल चिपके हैं. नीचे घिसा तक नहीं."

मी दहा दिवस पेपर भिजवून देत राहिले. अकराव्या दिवशी चहा पिताना सांगितलं, "धूलजी, लाल मी मारला."

ऐंशी साली आमचा शिक्षकांचा संप होता. सिंहस्थासाठी कुठल्या तरी कठड्यांना लावून उरलेला लाल रंगाचा डबा मी मिळवला, एका दुपारी ब्रशने जीप रंगवली, आणि संध्याकाळी टावर चौकात बॉनेटवर उभी राहून दीड तास बोलले. बॉनेटवर दोन पोचे आहेत ते माझ्या टाचांचे. वडिलांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्यांची गाडी रंगवायच्या आधी मी कुणालाही विचारलं नाही. विचारायला होतंच कोण, असं मी तेव्हा म्हणाले असते. असंच तर अभिजीतही म्हणतो.

धूलजीने कप खाली ठेवला. म्हणाला, "तो फिर मैं भी बोल दूँ. मरून मैंने मारा था."

ब्याण्णवमध्ये तो दुसऱ्याच्या गॅरेजवर कामाला होता. भय्यासाहेबांनी गाडी नेली होती. बॉनेटच्या डाव्या अंगाला खात्याची अक्षरं होती, पांढऱ्या रंगात हाताने लिहिलेली. लालाखालूनही त्यांचा उठाव दिसत होता, बोट फिरवलं तर लागत होता. "भय्यासाहब खड़े थे. बोले, पांचाल, अक्षर नहीं दिखना चाहिए. मैंने उतनी जगह पुट्टी भर दी और घिसकर बराबर कर दिया."

"तुला विचारावंसं वाटलं नाही, का म्हणून?"

"मैडम, गाड़ी वाला बोले दबा दो तो हम दबा देते हैं. आपके भाई साहब को ही मालूम होगा उसमें क्या लिखा था."

मालूम होतं. ती अक्षरं लिहिलेल्या गाडीत बसून ते अकरा वर्षांचे असताना कालव्यावर जात होते. हे मी इथे कायदेशीर रीतीने नोंदवते: माझ्या थोरल्या भावाने गैरसमजातून काही केलेलं नाही. समजून-उमजून पुट्टी भरून घेतली.

आता एक गोष्ट माझ्या विरुद्ध आहे तीही लिहिते. लालापाशी आल्यावर मी अडून बसले. म्हटलं, हा लाल राहू दे. हाही इतिहास आहे, त्या संपात पगाराविना तीन महिने काढलेल्या माणसांची ही खूण आहे. मी अर्धा तास बोलले. चांगलं बोलले. शेजारच्या टायरवाल्याने काम थांबवून ऐकलं.

धूलजी म्हणाला, "भाषण हो गया?"

"झालं."

"आपका लाल भी पुताई ही है. थिनर पकड़ाओ."

आयुष्यात अनेक सभा उधळलेल्या मी पाहिल्या. एवढ्या कमी शब्दांत कुणी उधळली नव्हती. मी थिनर दिला.

आणि लाल असा निघाला, की आम्ही दोघं बघत राहिलो. पापुद्रेच्या पापुद्रे, हातभर लांब. वडील दर रविवारी जुनं इंजिन ऑइल आणि केरोसिनच्या फडक्याने गाडी पुसत. ते तेल पत्र्यावर मुरलेलं होतं. मी न धुता, न घासता त्यावरच रंग फासला, म्हणून तो कधी धरलाच नाही. धूलजी हसायला लागला. "भैरव बाबा ने चोला छोड़ दिया," म्हणाला. इथल्या मूर्तींवर वर्षानुवर्षं शेंदूर आणि तेल चढतं, आणि एखाद्या दिवशी ते सगळं कवच आपोआप सुटून खालचा दगड दिसतो, तसं. मग म्हणाला, "आप घिसकर मारतीं तो नीचे कुछ नहीं बचता. आपकी कामचोरी ने बचा लिया." सत्त्याहत्तर वर्षांत मला मिळालेलं हे एकमेव प्रामाणिक मानपत्र आहे. मंडळाची शाल मी मोलकरणीला दिली होती.

खालचा रंग करडा-हिरवा आहे. शेवाळलेल्या दगडासारखा, चमक नसलेला. उजव्या बाजूला, चालकाच्या कोपराखाली, वीतभर पट्टीत तो झिजून पत्रा उघडा पडला आहे. सात वर्षं खात्याचे आणि तेरा वर्षं स्वतःचे, असं वडिलांचं कोपर तिथे टेकलेलं होतं. मी विचारलं, इथे रंगाचा मेळ घालायचा का? धूलजी म्हणाला, "ये खराबी नहीं है मैडम, ये तो चलाने वाला है." तिथे आम्ही हात लावला नाही.

मागच्या दिवाळीत अभिजीत शेडमध्ये येऊन गेला. तेव्हा जे बोलणं झालं ते जसंच्या तसं देते.

"आत्या, हे तर अजून खटारा दिसायला लागलंय. दोन वर्षं घासून हे काढलं तुम्ही?"

"हेच होतं. तेच काढलं."

"मी म्हणतो, मरूनच करून टाकू परत. गोल्डन लाइन, समोर मोनोग्राम. होमस्टेच्या गेटवर उभी करू. नावपण ठरलंय, दरबार. गेस्टला शाही फील पाहिजे असतो, समजून घ्या ना."

"तुझे आजोबा ओव्हरसियर होते. कालव्यावर."

"माहितीये हो. पण ओव्हरसियर कोणाला विकणार मी?"

वाक्य इतकं पूर्ण होतं, की मी ते तिथेच कागदावर उतरवून घेतलं. धूलजीने मात्र कागद भिजवता भिजवता विचारलं, "भैया, आपका शाही वाला कौन से गाँव में पानी पहुँचाता था?" अभिजीत मोबाइल बघत बाहेर गेला.

त्या संध्याकाळी भय्यासाहेब वरून खाली आले. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या बरामद्यात बसले. म्हणाले, "अहल्ये, हे थांबव. लोक हसतील. नावाला बट्टा लावू नकोस."

"कुणाच्या नावाला?"

"वडिलांच्या."

वडील उन्हाळ्यात पहाटे निघत आणि कालव्याच्या कडेने मैलोन्‌मैल जात, कुठे पाणी चोरलं जातंय, कुठे बांध फुटलाय ते बघत. एकदा एका गावाच्या पाटलाने पाण्याच्या पाळीसाठी तुपाचा डबा गाडीत ठेवला, तो त्यांनी चौदा मैल परत नेऊन दिला होता, आणि भय्यासाहेब त्या फेरीत मागे बसले होते. त्या माणसाचं खातं पुट्टीखाली दाबणारा मुलगा मला बट्ट्याबद्दल सांगत होता. मी म्हटलं, "भय्यासाहेब, चहा घ्या आणि वर जा." त्यांनी चहा घेतला नाही.

म्हणून ही व्यवस्था.

जीप मी माझी पुतणी निहारिका हिला देते. भय्यासाहेबांचीच मुलगी, पण गेल्या मेमध्ये सुट्टी काढून तिने आठ दिवस शेडमध्ये मागचा फाळका घासला, नख उखडलं आणि एकदाही फोटो काढला नाही. काम पूर्ण होईपर्यंत जीप धूलजीच्या शेडमध्ये आणि किल्ली धूलजीच्या खिशात राहील. मी जीप आधी धूलजीलाच देऊ केली होती. तो म्हणाला, "मेरे लड़के अगले दिन बेच देंगे, मैडम. आप उनको नहीं जानतीं, मैं जानता हूँ." आपल्या मुलांबद्दल इतकं खरं बोलणारा बाप मी आपल्या समाजात पाहिलेला नाही. त्याला मी वडिलांची पान्यांची पेटी देते, आणि शेडमध्ये नेलेल्या माझ्या ज्या आरामखुर्चीवर तो चहा पिताना बसतो ती.

निहारिकेवर बंधनं अशी. जीपवर पाचवा हात चढवू नये, चमकीचा पारदर्शक थरसुद्धा नाही. वर्षातून एकदा फडक्याने तेलाचा हलका हात, बस. गंज थांबवावा, पण पोचे उठवू नयेत, झिजलेलं भरू नये. माझ्या टाचांचे पोचेही तसेच राहतील, ते पुताईत मोडत नाहीत. मिरवणूक, लग्न, शूटिंग, निवडणूक यांना गाडी देऊ नये. तिला दरबारी, शाही किंवा हेरिटेज म्हणू नये. कुणी विचारलं तर सांगावं, सिंचाई विभागाची गाडी आहे, लिलावात घेतली. एवढं वाक्य बोलायला जड जात असेल तर जीप मोडीत द्यावी. मोडीत गेलेली गाडी निदान खोटं बोलत नाही.

अभिजीतने दुसरी एखादी जुनी जीप आणून, मरून रंगवून गेटवर उभी केली, तर त्याला माझा अटकाव नाही. खोट्या कथेला खोटी जीप साजेशी आहे.

कलम ५. हे शेवटचं, आणि माझे थोरले बंधू भय्यासाहेब दत्तात्रय मुजुमदार, वय ब्याऐंशी, यांच्यासाठी.

तुम्हाला मी घर, पैसा, पुस्तकं काही देत नाही. तुम्हाला एक काम देते. बॉनेटच्या डाव्या अंगाला तीन शब्द आहेत. त्यांतला 'मध्यभारत' धूलजीने उघडा केला आहे. 'सिंचाई विभाग' हे दोन शब्द मी मुद्दाम तसेच ठेवायला सांगितले. त्यांच्यावर तुमचा मरून, तुमची पुट्टी आणि तळाला माझा आपोआप सुटणारा लाल अजून आहे. बाकीची सगळी गाडी पूर्ण झाली तरी त्या जागेला निहारिकेने, धूलजीने किंवा दुसऱ्या कुणी हात लावू नये. तुम्ही माझ्या आधी गेलात, किंवा आला नाहीत, तर ती जागा कायमची तशीच दाबलेली राहील, आणि विचारणाऱ्याला निहारिका सांगेल की ही माझ्या वडिलांनी झाकली.

धमकी म्हणून हे लिहीत नाही. तुम्ही मला आयुष्यभर फटकळ म्हणालात, ते खरं आहे, आणि या कागदातही मी तुम्हाला पुष्कळ बोलले. पण वडिलांबरोबर कालव्यावर गेलेलं, आता जिवंत असलेलं माणूस एकच आहे, आणि ते मी नाही. मी तेव्हा सहा वर्षांची होते, मला कुणी नेलं नाही. तुम्ही गेलात. त्या अक्षरांवर तुमचा हक्क माझ्यापेक्षा जास्त आहे, म्हणून ती तुमच्यासाठी ठेवली. हात थरथरतो अशी सबब सांगू नका. धूलजी म्हणतो, भिजलेला कागद थरथरत्या हातालाही चालतो, फक्त जोर लावायचा नाही.

भय्यासाहेब, माझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आगर रोडवर धूलजीच्या शेडमध्ये या, सदऱ्याची बाही वर करा, आणि त्या दोन शब्दांवरची पुट्टी तुमच्या हाताने उतरवा.

येणेप्रमाणे लिहिलेलं मी स्वतः वाचलं, दोन साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं, आणि प्रत्येक पानावर माझ्या हाताने सही केली.

स्थळ: फ्रीगंज, उज्जैन
दिनांक: १८ जानेवारी २०२६

(सही) अहल्या दत्तात्रय मुजुमदार

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही आणि ज्यांनी माझ्यासमोर व एकमेकींसमोर सह्या केल्या:

१. (सही) अपर्णा सुहास किरकिरे, निवृत्त मुख्याध्यापिका, फ्रीगंज, उज्जैन
२. (सही) डॉ. स्नेहा आल्हाद पुराणिक, टावर चौक, उज्जैन